लिंबाखालच्या टिटव्या

माझ्या थोरल्या वहिनी आमच्या घरात सासऱ्यांसमोर पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या तेव्हा जे बोलल्या, त्याच्यावर माझं सगळं शिक्षण उभं आहे. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

मी बारावीला नापास झालो तेव्हाची गोष्ट. आमच्या घरात तोवर कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यामुळे नापास झालं की शिक्षण संपलं, असंच सगळ्यांनी धरलं. वडील म्हणाले, "बास झालं आता. रानात ये." दादा म्हणाला, "मला तरी एकट्याला कुठवर होणार?" दोघांचंही चुकत नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बघत बसलो होतो. वहिनी तेव्हा घरात नव्या होत्या. वडिलांना काही सांगायचं असलं तर आईच्या कानाशी लागून सांगायच्या. त्या दिवशी मात्र चुलीपासून उठल्या, दारात आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भाऊजींच्या वाटणीचं काम मी करते. त्यांला अजून एक साल द्या."

वडील उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आमच्याकडे त्याला होकार म्हणतात.

पुढचं सालभर माझ्या वाटणीची खुरपणी, वेचणी, पिकाला पाणी देणं वहिनींनी केलं. मी एसटीनं पालमला जाऊन शिकवणी लावली, पास झालो, मग परभणीला बी.एस्सी. केलं. पदवीचा कागद घेऊन घरी आलो त्या दिवशी आईनं तो देवापुढे ठेवला आणि वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता तरी खरं सांगा. त्या वर्षी अभ्यासच करायलते ना, का पालमला पिक्चर बघायलते?" सगळे हसले, मीही हसलो, आणि तो विषय तिथंच राहिला. घरच्या माणसाचे आभार मानले तर आमच्याकडे त्याला वाईट वाटतं. मी काय परका हाय का, असं विचारतात. त्यामुळे मी कधी काही बोललो नाही.

पदवीनंतर मला परभणीतच एका लहान संस्थेत काम मिळालं. टिटवी, तितर, चंडोल हे पक्षी शेतात जमिनीवरच अंडी घालतात. कोणत्या शिवारात त्यांची किती घरटी आहेत याची नोंद आम्ही मोबाईलवर गोळा करतो. घरटं दिसलं की ॲप उघडायचं, पक्षी निवडायचा, अंडी किती ते टाकायचं, फोटो जोडायचा आणि शेवटी 'जागा घ्या' हे बटण दाबायचं. बटणावर एक गोल फिरत राहतो आणि थांबला की नोंद पूर्ण होते. रेंज नसली तरी नोंद मोबाईलमध्ये राहते. रेंजमध्ये आलं की 'पाठवा' म्हणायचं. मग परभणीत माझ्या स्क्रीनवर तालुक्याच्या नकाशात एक लाल ठिपका उमटतो. पहिला ठिपका उमटला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो, हे मला अजून आठवतं.

या कामाला रोज शिवारात जाणारी माणसं हवी होती. इतर गावांत कॉलेजची मुलं तयार झाली. माझ्या गावासाठी मी वहिनींना विचारलं. त्यांनी आपल्याबरोबर सावडीनं काम करणाऱ्या चौघी आणल्या. सावड म्हणजे आज हिच्या रानात सगळ्या, उद्या तिच्या रानात सगळ्या. जेवायला मात्र रोज आमच्याच रानातल्या लिंबाखाली. कडुलिंबाला आम्ही लिंबच म्हणतो, आणि त्या बाजूला मोठी सावली तेवढीच आहे.

शिकवणीही मी त्या लिंबाखालीच घेतली, कारण उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नाही. शेजारच्या काकू पाचजणींत सगळ्यांत थोरल्या. त्यांनी संस्थेनं दिलेला मोबाईल गरम तव्यासारखा दोन बोटांत धरला होता.

"काकू, आता 'पुढे' दाबा. परत 'पुढे'. अजून एकदा 'पुढे'."

"बैल हाकलायलास का मला शिकवायलास?"

मी 'जागा घ्या' समजावलं. म्हणालो, हे बटण दाबलं की वरच्या उपग्रहाकडून जागा आपोआप कळते, त्याला रेंजसुद्धा लागत नाही.

"म्हंजे वरून कोणीतरी बघायलंय आपल्याकडं?"

"बघत नाही, काकू. जागा तेवढी कळते."

"मग आमचं म्हातारं सारखं फोन करून 'कुठं हायस, कुठं हायस' का विचारतंय? वरच्यालाच विचार म्हणावं!"

हसण्यात ती दुपार गेली. उठता उठता मी सांगितलं की पेरणीच्या आधी सगळ्या तालुक्याचा नकाशा छापायचा आहे, आणि प्रत्येक गावाच्या नकाशाखाली नोंदी करणाऱ्यांची नावं येणार आहेत. वहिनी मोबाईल रुमालात गुंडाळत होत्या. त्या थांबल्या.

"आमची? छापून?"

"हो. तुमचं नाव सगळ्यांत वर."

"माझं नाव एकदाच छापलंय," त्या म्हणाल्या, "लग्नाच्या पत्रिकेत. तेबी चुकीचं."

उन्हाळाभर माझ्या गावाचे ठिपके येत राहिले. तालुक्याच्या नकाशात गाव म्हणजे एक लाल पुंजका दिसायचा, आणि मला तो बघून अभिमान वाटायचा. मी तो कधी मोठा करून बघितला नाही. बघायचं काम पुण्याला बसणाऱ्या आमच्या मॅडमचं होतं. नोंदी तपासून पक्क्या करायच्या त्याच. मे संपत आला होता तेव्हा त्यांचा फोन आला.

"तुझ्या गावाचा नकाशा उघड," त्या म्हणाल्या. "उघडलास? आता मोठा कर."

मी मोठा केला. ठिपके पांगायला हवे होते. पण मी जितका जवळ जात होतो तितके ते एकमेकांना धरूनच राहिले. शेवटी उपग्रहाच्या चित्रात एक गोल हिरवं झाड दिसलं, आणि वीसेक ठिपके सगळे त्याच्या सावलीत.

"काय आहे तिथं?"

"आमच्या रानातला लिंब, मॅडम."

"टिटवी झाडाखाली अंडी घालते?"

"नाही. उघड्या रानात घालते."

मॅडम म्हणाल्या, "मी कोणाला खोटं म्हणत नाहीये. पण फोटो बघ. सगळे तिरके, निम्म्या फोटोंत साडीचा काठ. नुसती जमीन दिसते. जागा एकच, वेळही रोज साधारण तीच. कोणीही बघितलं तरी म्हणेल की सावलीत बसून मनानं भरलंय."

"मी जाऊन बघतो, मॅडम."

"बघ. पेरणी सुरू व्हायच्या आत मला यादी बंद करायची आहे. तोवर उलगडा झाला नाही तर हे गाव नकाशातून काढावं लागेल. आणि मला ते आवडणार नाही."

त्यांचं बोलणं रास्त होतं, म्हणूनच ते मला जास्त लागलं. परभणीहून पालमला जाणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसून एकच वाक्य मनात फिरवत होतो. वहिनी, तुम्ही खरंच घरटी बघितली का? कसंही फिरवलं तरी ते आरोपासारखंच वाटायचं. ज्या बाईनं माझ्यासाठी सालभर माझं काम केलं, तिला मी विचारणार होतो की माझं हे काम तू खोटं केलंस का. आणि त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर? तर ते मला मॅडमना लिहून कळवावं लागणार होतं, आणि गावाच्या नावावर तेवढंच राहणार होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वहिनी अंगणात भांडी घासत होत्या.

"काय भाऊजी, न सांगता? नोकरी गेली का काय?"

"गेली नाही. काम होतं थोडं."

"मग तोंड का असं करायलाव? एसटीत जागा न्हाई मिळाली?"

जेवायला येसराची आमटी केली होती, मला आवडते म्हणून. जेवण झाल्यावर वहिनींनी फडताळातून मोबाईल आणला. धुतलेल्या रुमालात घडी घालून ठेवलेला. "एक दिवस खाडा न्हाई केला बघा," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. 'पाठवा' म्हणलं की सगळं जातं. एवढं लिहिलेलं, अन् आपल्या हाती काईच उरत न्हाई. कागद असता तर ट्रंकेत ठेवला असता."

दादा म्हणाला, "टिटव्या मोजून ट्रंकेत काय ठेवतीस?"

"तुमची वरातीतली मोटरसायकल ठेवलीय न्हवं तुमी दहा वर्षं गोठ्यात, बिनचाकाची? तसंच."

मी त्या वेळी विचारायला हवं होतं. मला जमलं नाही. एवढंच म्हणालो, "वैनी, उद्या मी तुमच्याबरोबर रानात येतो."

"या की. सालभराचं काम बाकीच हाय तुमचं माझ्याकडं."

सकाळी आम्ही निघालो. वहिनींच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं, हातात मोबाईल. रानं वखरून तयार होत होती. काळी माती उलटून पडलेली, बांधावर वाळलं गवत. काकूंच्या रानातून जाणाऱ्या पायवाटेवर असताना टिटवी ओरडत उठली. एक डोक्यावर गिरक्या घ्यायला लागली, दुसरी पुढे पळत पंख पाडून लंगडल्याचं सोंग करायला लागली. म्हणजे अंडी जवळच होती. मी थांबलो आणि मातीत नजर फिरवायला लागलो.

वहिनींनी माझ्या शर्टाची बाही ओढली. "चला."

"अंडी कुठंयत?"

"चला म्हणते ना. बघू नका तिकडं."

त्या थांबल्या नाहीत, वळल्या नाहीत, चालणं हळूसुद्धा केलं नाही. पण मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. मोबाईल त्यांनी कमरेपाशी धरला होता, पदराच्या आडून, तोंड खाली करून. 'टक' असा बारीक आवाज आला. बघणाऱ्याला वाटावं, बाई भाकरी घेऊन रानात चालली आहे, बाकी काही नाही.

लिंबाखाली आल्यावर त्यांनी गाठोडं उतरवलं, घागरीतलं पाणी प्यायल्या, हात पदराला पुसले आणि शांतपणे ॲप उघडलं. टिटवी. अंडी चार. फोटो. मग 'जागा घ्या'. गोल फिरला, थांबला. म्हणजे पाठवल्यावर नकाशात लिंबाखालीच आणखी एक ठिपका.

म्हणजे नोंदी खऱ्या होत्या, चुकत होती ती फक्त जागा. मी त्यांच्याशेजारी बसलो.

"वैनी, हे बटण तिथंच का न्हाई दाबलं?"

"तिथं थांबून?" मी त्यांना चपला घालून चुलीपाशी जायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अंड्यापाशी थांबत असतेत का, भाऊजी? वर बघा."

विजेच्या खांबावर दोन कावळे बसले होते.

"ते आपल्याकडंच बघायलेत. माणूस रानात कुठं वाकला, कुठं थांबला, तिथं ते उतरतेत. तुमाला आत्यांनी सांगितलं न्हाई का लहानपणी?"

आत्या म्हणजे त्यांच्या सासूबाई, माझी आई. सांगितलं होतं. गावातल्या प्रत्येक लेकराला सांगतात. टिटवीच्या अंड्यापाशी थांबू नये, बोट दाखवू नये, माघारी वळून बघू नये.

"मग जागा?" मी विचारलं.

"फोटोत हाय की. फोटो तिथंच काढला. त्याला कळतंय न्हवं सगळं आपोआप?"

"फोटोवरून नाही कळत, वैनी. बटण दाबताना आपण जिथं असतो, ती जागा घेतो तो." फोटोबरोबर जागा साठवायची सोय बॅटरी वाचावी म्हणून आम्ही या मोबाईलमध्ये बंदच ठेवली होती.

वहिनींनी मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजे वरून सगळं दिसतंय, जागा कळती, अन् ऐन टायमाला हातातला फोटो कुठला ते कळत न्हाई?"

"न्हाई."

"मग तुमच्यावानीच हाय की. सगळं येतंय, अन् बारावीला नापास."

मला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. वहिनीही हसल्या, पण त्यांना माझं एवढं हसणं कळत नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. मॅडमचा फोन, झाडाखालचे ठिपके, गाव काढून टाकायची गोष्ट.

त्यांचं हसणं थांबलं. "मी सावलीत बसून खोटं भरलं, असं वाटलं व्हय त्यांला?"

"नकाशा बघून वाटलं."

"अन् तुमाला?"

मी म्हणालो, "विचारायलाच आलो होतो. काल विचारता आलं नाही."

वहिनींनी उठून भाकरीचं गाठोडं फांदीला टांगलं आणि पदर खोचला. "चला. उठा. जागाच दाखवायच्या हायत ना? वखरलेलं रान काय तुमी पहिल्यांदा बघायलाव?"

मी उभं राहून शिवाराकडे बघितलं आणि त्या काय म्हणतायत ते मला समजलं. वखर किंवा ट्रॅक्टर चालवताना पुढे टिटवीचं घरटं आलं की आमच्याकडे फास, म्हणजे माती उलटणारं पातं, उचलतात आणि तेवढा तुकडा तसाच सोडतात. पिलं चालून निघून गेली तरी तो तुकडा राहतो. साफ काळ्या रानात मधेच सुपाएवढी, कुठं खाटेएवढी न उलटलेली जमीन, वर वाळलेलं गवत आणि गेल्या सालच्या पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे, खुंट. लिंबाखालून असे पाचसहा तुकडे मला उभ्या उभ्या दिसत होते. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याच कडेनं घरी आलो होतो.

पण पेरणीच्या आधीची वखराची शेवटची पाळी, म्हणजे शेवटचा फेरा, सुरू झाली होती. एकदा रिकाम्या घरट्यावरून वखर फिरला की तिथं काही होतं हे सांगायला काहीच राहणार नव्हतं. काकूंच्या दुसऱ्या रानात ट्रॅक्टर लागलाही होता. वहिनींनी बांधावरून हाक दिली, आणि काकू काय झालं हे पुरतं न ऐकताच ट्रॅक्टरच्या आडव्या जाऊन उभ्या राहिल्या.

ट्रॅक्टरवाला गावातलाच. तो ओरडला, "काकू, बाजूला व्हा! पिलं कवाच गेली तिथली. आता कशाला अडवायलाव?"

"पोराला फोटो काढायचाय."

"गवताचा?"

"गवताचा. थांब म्हणलं ना!"

त्यानं इंजिन बंद केलं आणि कपाळाला हात लावला. "टिटवीच्या नावानं सातबारा तरी करून टाका एकदाचा! सालभर बेजार झालो गोल गोल फिरून."

"तुझ्या नावानं तरी हाय का सातबारा?" काकू म्हणाल्या. "आलाय मोठा. पाणी पी अन् बस गप."

तो दिवस आणि दुसरा दिवस आम्ही शिवारभर फिरलो. पाचजणी पुढे, मी मागे. एकेका तुकड्यावर जाऊन उभं राहायचं, जागा घ्यायची, तुकड्याचा सरळ फोटो काढायचा आणि त्या जागेची जुनी नोंद कोणती ते ठरवायचं. कोणाला तारीख आठवायची नाही, पण त्या दिवशी कोणाच्या रानात सावड होती हे पाचींनाही आठवायचं, आणि त्यावरून तारीख लागायची. काही तुकड्यांत अंड्यांची टरफलं अजून पडलेली होती. अजून अंडी होती तिथं आम्ही कोणीच थांबलो नाही. मी मोबाईलमध्ये चालण्याची वाट नोंदवत ठेवली आणि लांबून दोन बाजूंनी चालत गेलो, म्हणजे त्या वाटांवरून घरट्याची जागा नंतर नकाशात धरता येईल. काकूंनी मला दोनदा दटावलं, "सरळ बघ, सरळ! नवरीकडं बघितल्यावानी चोरून काय बघायलास?"

तीन नोंदींच्या जागा मिळाल्या नाहीत. एका रानात हळदीसाठी सऱ्या पाडून झाल्या होत्या, तिथं काहीच शिल्लक नव्हतं. मी वहिनींना म्हणालो, तुम्हाला जागा अंदाजे माहीत आहे, तर तेवढी टाकू.

"नको," त्या म्हणाल्या. "दिसत न्हाई ते न्हाई. काढून टाका. बाकीच्यांवर कोणी बोट ठेवायला नको."

गावात फोन कुठंही लागतो, पण नेटची रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. संध्याकाळी तिथं उभं राहून मी 'पाठवा' म्हणालो. पाचहीजणी भोवती होत्या. मग माझ्या मोबाईलवर नकाशा उघडला. आधी तोच एक पुंजका होता. हळूहळू एकेक ठिपका लिंबाखालून निघाला आणि आपापल्या रानात जाऊन बसला. एक काकूंच्या बांधाशी, दोन ओढ्याच्या अलीकडे, एक पार शिवेजवळ. शेवटी लिंबाखाली काहीच उरलं नाही. नुसतं झाड राहिलं.

"उडाल्या," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. त्यांनी सगळे फोटो बघितले होते. वहिनींचं कमरेपासून फोटो काढणं मी आधीच लिहून कळवलं होतं. त्या मला म्हणाल्या, "तरीच सगळे तिरके! गाव राहील. त्या तीन काढल्यात तेही बरं केलंत. वहिनींना फोन दे."

वहिनींनी आधी पदर नीट केला, मग फोन कानाला लावला. "हाव... हाव... न्हाई, थांबत न्हाई आमी... हाव... बरं." आणि मला परत दिला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, तुमचं चुकलं न्हाई. अन् विचारलं, न थांबता, न बघता दाबता येईल असं एकच बटण करून दिलं तर दाबाल का. मी म्हणलं, दाबू की."

एवढं सांगून त्या चुलीपाशी गेल्या. पण भाकऱ्या थापताना त्या गुणगुणत होत्या, आणि दादानं मला डोळ्यांनी खूण केली की बघ, बऱ्याच दिवसांनी.

परभणीला परत आल्यावर नकाशा छापून आला. त्याची एक प्रत घडी घालून पाकिटात घातली आणि सोबत हे पत्र लिहून पोस्टानं पाठवलं. घरच्यांना मी लिहिलेलं हे पहिलंच पत्र.

वहिनी,

पाया पडतो. मी पत्र का लिहितोय असं तुम्हाला वाटेल. फोन असताना पोस्टाचा खर्च कशाला, असं दादा म्हणेल. तुम्ही म्हणाला होता की 'पाठवा' म्हटलं की सगळं जातं, हाती काही उरत नाही. म्हणून हे कागदावर पाठवतोय. ट्रंकेत ठेवता येईल.

सोबत आपल्या गावाचा नकाशा आहे. लाल ठिपके तुमचे पाचजणींचे. खाली नावं आहेत, तुमचं पहिलं. मी छापखान्यात स्वतः बसून अक्षरन् अक्षर तपासलंय. पत्रिकेसारखं झालेलं नाही. काकूंना त्यांचं नाव वाचून दाखवा, आणि लिंब कुठे आहे तेही दाखवा. त्याच्यावर ठिपका नाही.

नवीन ॲप तयार होतंय. त्यात मोबाईलच्या बाजूचं आवाजाचं बटण दाबलं की फोटो आणि जागा दोन्ही एकदम घेतले जातील. कमरेपाशी धरून, चालता चालता. बाकीचं सगळं नंतर लिंबाखाली बसून भरायचं, जसं तुम्ही भरत होता तसंच. मॅडम म्हणाल्या की आता सगळ्या गावांत असंच करायचं.

आता एक गोष्ट, जी घरी असताना माझ्या तोंडून निघाली नाही. त्या दिवशी लिंबाखाली तुम्ही मला विचारलं, "अन् तुमाला?" मी नीट उत्तर दिलं नाही. खरं सांगतो, मला खोटं वाटलं नव्हतं. मला भीती वाटली होती. ती आता गेली. त्या दिवसापासून मी शांत झोपतोय.

आणि दुसरी. बारावीला मी नापास झालो तेव्हा तुम्ही दारात येऊन जे बोललात ते मी एक दिवसही विसरलेलो नाही. मी जे काही शिकलो ते त्या एका सालामुळे. घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात हे मला माहीत आहे. पण हे पत्र आहे, तोंडावर नाही, म्हणून मानतो. तुम्ही रागावलात तरी मला इथं दिसणार नाही.

आणि हो, त्या वर्षी पालमला मी एकच पिक्चर बघितला. तोही मध्यंतरापर्यंत.

पोस्टमन पत्र वाचून दाखवू का म्हणाला तर नको म्हणा. तुम्हीच वाचा.

पेरणीला सुट्टी काढून येतोय. तुमच्याकडे माझं सालभराचं काम बाकी आहे, त्यातलं थोडं तरी करतो. दादाला म्हणावं शेवटची पाळी माझ्यासाठी ठेव. टिटवी उठली की फास उचलीन, आणि मागं बघणार नाही.

तुमचा धाकटा दीर